कुर्ट झिमरमनने न केलेलं मखर

शुक्रवारी दुपारी फोन वाजला तो कुसुमने, माझ्या पत्नीने, घेतला. ती फक्त "ओह, सूझन" म्हणाली आणि रिसीव्हर माझ्याकडे न देता तसाच छातीशी धरून उभी राहिली. सूझन ही आमच्या शेजाऱ्याची, कुर्ट झिमरमनची, एकुलती मुलगी. ती मँचेस्टरला असते. तिच्या वडिलांना वॉटफर्डच्या हॉस्पिटलमध्ये ठेवून नऊ दिवस झाले होते, त्यामुळे कुसुमच्या तोंडाकडे पाहिल्यावर विचारायचं काही उरलं नाही. रविवारी मी कुर्टला भेटायला जाणार होतो. आमच्या मंडळाचे जुने अध्यक्ष अण्णा लेले यांना बरोबर न्यायचं आणि दोघांच्या देखत एक गोष्ट बोलून टाकायची, असं मी एकदाचं ठरवलं होतं. लेलेंना वेळ विचारून ठेवली होती, काम सांगितलं नव्हतं. दोन दिवस कमी पडले, असं मी पुढे काही दिवस स्वतःला सांगत राहिलो. खरं तर ते बोलायला मी तीन वर्षं उशीर केला होता.

कुर्टला जाऊन आता सात आठवडे झाले. या पुरवणीत आपल्या माणसांवर लिहून येतं. कुर्ट जर्मन होता, त्याला मराठीतले पाच-सहा शब्द येत, पण आमच्या भागातल्या मराठी मंडळींना तो 'मखरवाले झिमरमन' म्हणून माहीत आहे. काहींना तो 'ज्यांचं मखर पडलं ते झिमरमन' म्हणून माहीत आहे. दोन्ही चूक आहे. ते मखर कुर्टने केलं नव्हतं, मी केलं होतं. ते पडलं ते माझ्या हाताच्या चुकीने पडलं. दोष त्याने घेतला, आणि मी तो घेऊ दिला. आता जे लिहितो आहे ते एवढंच आहे, पण एवढंच लिहून थांबलो तर कुर्ट कोण होता ते कळणार नाही.

आम्ही वॉटफर्डला घर घेतलं त्या दिवशी तो कुंपणापाशी आला, हात पुढे केला आणि म्हणाला, "झिमरमन. आमच्या भाषेत याचा अर्थ सुतार. पण कृपा करून माझ्याकडून काही दुरुस्त करून घेऊ नका." मी गरजेपेक्षा जास्त हसलो. मग त्याने विचारलं, "आणि तुमच्या नावाचा अर्थ?" मी म्हणालो, "निवळी नावाचं गाव आहे. तिथला तो निवळकर." तो म्हणाला, "छान. गावाचं नाव असणं सोपं. गाव काही करून दाखवा म्हणत नाही."

आडनावं हा त्याचा नाद होता. छापखान्यात मशीनवर आयुष्य गेलेलं, तिथे तऱ्हेतऱ्हेची नावं हाताखालून जायची. रविवारी चहाला आला की तो एकेक नाव घेऊन बसायचा. जर्मनीत सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव म्युलर, म्हणजे पिठाची चक्की चालवणारा. मग श्मिट म्हणजे लोहार, श्नायडर म्हणजे शिंपी, फिशर म्हणजे कोळी. मध्ययुगात गावं वाढली, एकेका गावात दहा-दहा हान्स झाले, तेव्हा कोणता हान्स ते कळावं म्हणून कामावरून नाव पडलं. आणि बापाचं काम पोराने सोडलं तरी नाव चिकटून राहिलं. प्रत्येक गावाला एक चक्की आणि एक भट्टी लागायचीच, म्हणून म्युलर आणि श्मिट इतके. त्याचं स्वतःचं आडनावही तिकडे भरपूर. 'झिमर' म्हणजे आज खोली, पण जुना अर्थ बांधकामाचं लाकूड. घराचा सांगाडा आणि छप्पर लाकडात उभं करणारा तो झिमरमन. टेबल-खुर्च्या करणारा वेगळा आणि त्याचं आडनावही वेगळं. अमेरिकेत गेलेल्या कित्येक झिमरमनांनी नाव बदलून सरळ कार्पेंटर करून घेतलं, असं तो सांगायचा.

त्याच्या घरात मात्र चार पिढ्या पोस्टात होत्या. त्याला स्वतःला भिंतीत खिळा सरळ मारता येत नसे. आमच्याकडे याला दोन डावे हात म्हणतात, असं तो दोन्ही पंजे पुढे करून सांगायचा. युद्धाच्या शेवटी अठरा वर्षांचा असताना कैदी म्हणून इकडे आणलेला, मग हर्टफर्डशरच्या एका शेतावर कामाला लावलेला, आणि सुटका झाल्यावर डोरीन नावाच्या मुलीसाठी इथेच राहिलेला. डोरीनचं माहेरचं आडनाव बेकर. तिचे वडील पेशाने सुतार होते. "म्हणजे बघ," कुर्ट म्हणायचा, "आमच्या लग्नात सुताराचं नाव पाववाला आणि पोस्टमनचं नाव सुतार. पाद्री बिचारा काय करणार?" सासऱ्यांची सगळी हत्यारं त्याच्या बागेतल्या शेडमध्ये होती. तेल लावून, फडक्यात गुंडाळून ठेवलेली. वापरणारं कोणी नव्हतं.

शेतावर असताना तिथल्या मुकादमाने त्याला सल्ला दिला होता की, इथे राहायचं तर नाव कार्पेंटर करून घे, लोक बरं वागतील. कुर्टने ते केलं नाही. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाला, "लोकांना राग होता तो माझ्या देशाचा. तो राग बरोबर होता. नाव बदलून तो चुकवायचा? आणि शिवाय मी सुतार नाहीच. खोटं दोनदा बोलावं लागलं असतं." हे ऐकताना मी कपातला चहा ढवळत होतो. साखर मी घेत नाही.

माझं नाव शिवराम नारायण सुतार. वडील गावचे सुतार होते. नांगर, पाभर, दारं, पाळणे, तिरडीचे बांबूसुद्धा तेच तासून द्यायचे. मी दहा वर्षांचा असल्यापासून त्यांच्या हाताखाली रंधा मारला. पुढे शिष्यवृत्तीवर मुंबईला ड्राफ्ट्समनचा डिप्लोमा केला, तिथे खोली शोधताना तीन ठिकाणी आडनाव सांगितल्यावर खोली आधीच गेल्याचं कळलं. कदाचित खरंच गेली असेल. चौथ्या ठिकाणी मी निवळकर सांगितलं आणि खोली मिळाली. मग गॅझेटमध्ये रीतसर बदलून घेतलं. हे कितीतरी लोकांनी केलं आहे, त्याची लाज मला वाटत नाही. लाज पुढची आहे. इंग्लंडला आल्यावर मला कशाचीच भीती उरली नव्हती, तरी मंडळात "निवळकर म्हणजे नक्की कोण?" असं कोणी विचारलं की "रत्नागिरीकडचे" म्हणून मी गप्प बसू लागलो. समोरचा आपल्या मनाने उरलेलं भरून घ्यायचा. मी खोटं बोललो नाही, त्यांना चुकू दिलं. कुसुम म्हणायची, "अहो, इथे कोण खाणार आहे तुम्हाला?" पस्तीस वर्षं चुकू दिल्यावर सुधारायचं म्हणजे पस्तीस वर्षांचा हिशेब सांगायचा.

नवं शतक लागलं त्याच्या पुढच्या वर्षी मंडळाच्या बैठकीत ठरलं की गणपतीला थर्माकोलचं मखर पुरे, आता लाकडाचं कायमचं करू. खुंट्या काढून घडी घालता येईल असं. लेले हसत हसत म्हणाले, "कल्पना उत्तम. पण डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत, अकाउंटंट तर पोत्याने आहेत. सुतार कुठून आणायचा? आपल्यात कोणी सुतार नाही." सगळे हसले. त्यात दुष्टपणा काही नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. मी तोंड उघडलं ते "मी आहे" म्हणायलाच, असं मला आजही वाटतं. बाहेर आलं ते वेगळंच. "माझा शेजारी आहे ना," मी म्हणालो, "झिमरमन. नावाचा अर्थच सुतार."

"जर्मन?" लेले म्हणाले. "मग प्रश्नच मिटला. जर्मन माणसाचं काम म्हणजे शंभर वर्षं बघायला नको."

तो खरंच सुतारकाम करतो का, हे एकानेही विचारलं नाही. आमच्या लोकांना ते विचारायचं सुचणारच नाही. कुलकर्णी आता बँकेत आहे हे त्यांना चालतं, पण सुतार म्हटलं की रंधा आलाच. ही चूक इंग्रज करणार नाही. स्मिथ नावाच्या दंतवैद्याला कोणी घोड्याला नाल मारायला सांगत नाही.

त्या संध्याकाळी मी कुर्टकडे गेलो आणि त्याला सगळं सांगितलं. मखर म्हणजे काय, मी काय बोलून बसलो, आणि मग तेही. "माझं खरं आडनाव सुतार आहे. त्याचा अर्थ झिमरमन." या देशात कुसुमशिवाय कोणाला मी हे पहिल्यांदाच सांगत होतो. तो म्हणाला, "म्हणजे तीस वर्षं मी माझ्या भाऊबंदाच्या शेजारी राहतो आहे आणि त्याने मला सांगितलं नाही." मग मला जात म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. इंग्रजीत ते फार लहान होतं आणि फार घाणेरडं वाटतं. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "आमची नावं मेली, शिव. म्युलरकडे कोणी पीठ मागत नाही. तुमची अजून जिवंत आहेत, म्हणून चावतात." मग म्हणाला, "ठीक आहे. हात तुझे, नाव माझं. पण एक दिवस तू त्यांना सांगशील." मी म्हणालो, पुढच्याच वर्षी सांगेन.

तो उन्हाळा माझ्या आयुष्यातला फार चांगला उन्हाळा होता. एका मोडीत निघालेल्या चर्चची पाइनची बाकं आम्हाला मिळाली. शंभर वर्षं वाळलेलं लाकूड. डोरीनच्या वडिलांची लाकूड तासायची पटाशी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा वाटलं, हात विसरले असतील. विसरले नव्हते. काटकोनाचा गुण्या लावायचा, खूण करायची, खाच पाडायची, तिच्यात जाणारं कुसू तासायचं, शेवटी आडवी लाकडी खुंटी ठोकायची. वडील शेजारी उभे राहून चुका काढत आहेत असं वाटायचं. कुर्ट फळीचं दुसरं टोक धरायचा, पॉलिश पेपर घासायचा, चहा करायचा, आणि मी काही नाजूक काम करत असलो की नेमका प्रश्न विचारायचा. माणसाने पंचाहत्तरीत इतकं आनंदाने बिनकामाचं असू नये, असं मी त्याला म्हणालो तर तो म्हणाला, "मी बिनकामाचा नाही. मी मुख्य कारागीर आहे. तू माझ्या हाताखाली आहेस."

पुढच्या उजव्या खांबाचं कुसू तासताना लाकडात गाठ निघाली आणि ते चिरलं. नियम असा की खांब टाकून द्यायचा आणि नवा घ्यायचा. गणपतीला आठ दिवस होते आणि तेवढा लांब तुकडा शिल्लक नव्हता. मी चिरलेला भाग कापला, कुसू आखूड ठेवलं आणि खाचेत सरसात कालवलेला भुसा भरला. कुर्टने पाहिलं. "हे बाकीच्यांपेक्षा लहान आहे ना?" "चालतं," मी म्हणालो. वडिलांना असं उत्तर मी कधी दिलं नसतं.

दोन वर्षं मखर नीट उभं राहिलं. लोक लांबून बघायला यायचे. दरवर्षी हॉलवर कुर्ट यायचा, कोट काढून बाह्या सरसावायचा आणि मखर जोडायचा. मी शेजारी खुंट्या घेऊन उभा. "निवळकर, साहेबांना जरा हात द्या," लेले मला म्हणायचे. पहिल्या वर्षी कुर्ट डोळ्यांनी मला विचारायचा, आता कोणता? मी हनुवटीने दाखवायचो. दुसऱ्या वर्षापासून त्याने विचारणं सोडलं. न चुकता एकामागून एक तुकडा उचलायचा. मला वाटलं, सवयीने आलं असेल. मंडळाने त्याला शाल आणि नारळ दिला. तो नारळ त्याने महिनाभर खिडकीत ठेवला होता, कसा फोडायचा ते विचारायला त्याला संकोच वाटत होता.

तिसऱ्या वर्षी दुसऱ्या दिवशीच्या आरतीला हॉल भरलेला होता. पुढे उभ्या असलेल्या कोणाचा तरी धक्का खांबाला लागला असावा. धक्का लागल्याने मखर पडत नसतं, पण ते कुसू खाचेतून निसटलं, खांब बाहेर आला आणि वरची कमान मूर्तीवर आली. कोणाला लागलं नाही. मूर्तीचा उजवा हात खांद्यापासून मोडला. आरती मधेच थांबली. कोणाचं तरी तान्हं मूल रडायला लागलं.

लेले पुढे आले. "मिस्टर झिमरमन, हे काय? तुम्ही तपासलं नव्हतंत?"

कुर्टने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही... एखादा श्वास घेऊन सोडायला लागतो तेवढा. मला सगळं कळत होतं. कोणता सांधा, का, कधी, सगळं. मी खाली वाकलो आणि फुलं गोळा करायला लागलो. वर कुर्ट म्हणत होता, "मला माफ करा. तो सांधा मी नीट पाहायला हवा होता. चूक माझी आहे." मागून बायकांमधून कोणीतरी मराठीत म्हणालं, "देवाचं काम परधर्माच्या हातून करून घेतल्यावर दुसरं काय होणार?" ते कुर्टला कळलं नाही. मला कळलं. मी फुलं गोळा करत राहिलो.

गाडीत त्याने एकच विचारलं, "आता त्या मूर्तीचं काय करतात?" मी सांगितलं, आजच विसर्जन करतात. तो "बरं" म्हणाला. घरापाशी उतरताना मी म्हणालो, "कुर्ट, मी उद्या लेलेंना सांगतो." तो म्हणाला, "तुझ्या सोयीने सांग. नाव तुझं आहे." रागाने म्हणाला असता तर कदाचित मी दुसऱ्या दिवशी गेलोही असतो. मखराचे तुकडे त्याच्या शेडमध्ये गेले, मंडळात थर्माकोल परत आलं, कुर्टला पुन्हा कोणी बोलावलं नाही. त्यानंतरच्या पहिल्या वर्षी गणपतीच्या दिवसांत त्याने सकाळी अंगावर इस्त्रीचा शर्ट घातलेला मी खिडकीतून पाहिला. तो दिवसभर घरीच होता.

ही तीन वर्षं आम्ही रोज बोलत होतो. टोमॅटोवर, काऊन्सिलने बदललेल्या कचऱ्याच्या डब्यांवर, त्याच्या गुडघ्यावर, नवीन नवीन आडनावांवर. या विषयाला तो चुकूनही आला नाही. कुसुमने मात्र मला सोडलं नाही. "तो तुमची वाट बघतोय," ती म्हणायची, "आणि तुम्ही त्याच्या मरणाची." असं बोलून ती स्वतःच रडली. हॉस्पिटलात शेवटचा भेटलो तेव्हा त्याला वॉकर घेऊन चालवत होते. इथे त्या वॉकरला झिमर म्हणतात. मला बघून म्हणाला, "शेवटी खरा झिमरमन झालो." नर्स हसली, मीही हसलो. निघताना त्याच्या कानाशी मी म्हणालो, "रविवारी लेलेंना घेऊन येतो." त्याने माझा हात दाबला. त्याला ऐकू आलं की नाही, मला माहीत नाही. त्याचं ऐकण्याचं यंत्र टेबलावर होतं.

क्रेमेटोरियममध्ये सूझन बोलली. "माझ्या डॅडना एक फळी सरळ लावता यायची नाही," ती म्हणाली, आणि लोक हसले. "पण पंचाहत्तराव्या वर्षी त्यांनी शेजाऱ्यांच्या देवासाठी एक आख्खं देऊळ बांधलं. मी फोटो पाहिले तेव्हा विश्वास बसला नाही. ते नेहमी म्हणायचे, मी नाही केलं ते. असे होते माझे डॅड." लेले माझ्या शेजारी बसले होते. ते रुमालाने डोळे पुसत होते.

आठवड्याने लेलेंचा फोन. "निवळकर, फार वाईट वागलो आपण त्या माणसाशी. यंदा ते मखर परत उभं करू. नवा खांब बसवून घेऊ. पितळी पाटी करायला टाकतोय, 'मखर : कुर्ट झिमरमन'. सूझनलाही बोलावलंय."

"अण्णा, थांबा," मी म्हणालो, आणि एकदाचं सांगितलं. उभ्याने, एका दमात, खांब आणि आडनाव दोन्ही.

"तुम्ही सुतार?" लेले म्हणाले.

"हो."

"अहो, पण मला कायम वाटायचं तुम्ही आमच्यातले..." आणि ते थांबले. त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. मग थकलेल्या आवाजात म्हणाले, "मी त्यांना सगळ्यांसमोर बोललो हो. तुम्ही तिथेच होतात." मी म्हणालो, होतो. ते म्हणाले, "पाटीवर काय लिहायचं ते मी नाही ठरवणार. तुम्ही त्या मुलीला सांगा. ती म्हणेल ते लिहू."

घर विकण्यासाठी आवरायला सूझन आली तेव्हा मी तिला शेडमध्ये गाठलं आणि तिलाही सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मग माझ्या दंडावर हात ठेवला. "तुम्ही किती चांगले आहात," ती म्हणाली. "त्या दिवशी मी म्हणाले ना, फळीसुद्धा लावता यायची नाही, ते तुम्हाला लागलं. पण ते पडलं म्हणून तुम्ही दोष घ्यायची गरज नाही. डॅडपण असेच. तुम्ही दोघं आयुष्यभर एकमेकांवर पांघरूण घालत आलात."

"सूझन, मी खरं सांगतोय. ते खरं सांगत होते."

"बरं," ती म्हणाली, लहान मुलाला म्हणतात तसं.

मला दुसरं काही सुचेना. मी फडकं सोडून तिच्या आजोबांची पटाशी काढली, एक तुकडा शिकंज्यात धरला आणि म्हणालो, बघ, दाखवतो. पटाशी लाकडाला टेकवली आणि हात थरथरायला लागला. गेली दोन वर्षं थरथरतोच, पण इतका नाही. धार रेघेवरून घसरली. पुन्हा टेकवली, पुन्हा घसरली. "प्लीज," सूझन म्हणाली, "हाताला लागेल." तिने पटाशी माझ्या मुठीतून हळूच सोडवून घेतली. तिचे डोळे भरून आले होते. तिच्या वडिलांनी हाताने केलेली एकच सुंदर वस्तू तिच्यापाशी होती आणि ती मी हिसकावून घेत होतो, तेही मला जमत नव्हतं. त्या आठवड्यात तिने लेलेंना मेल करून नाव कळवलं, स्पेलिंगसकट, शेवटी दोन एन. पाटी तयार झाली आहे.

म्हणून हे लिहितो आहे. सूझनला मराठी वाचता येत नाही. ज्यांना येतं त्यांनी तरी एवढं ध्यानात ठेवावं की कुर्ट झिमरमन सुतार नव्हता, त्या खांबाचा सांधा त्याने केला नव्हता, आणि देवाचं काम बिघडलं ते परधर्माच्या हातून नाही. ते नारायण सुताराच्या मुलाच्या हातून बिघडलं. पाटी लागेल तेव्हा मी हॉलमध्ये असेन. विचारलंत तर तिथेही सांगेन. सूझनसमोर परत सांगेन की नाही, ते मला आज सांगता येत नाही.

घर विकलं जाईपर्यंत सूझनने शेडची किल्ली माझ्याकडे ठेवली आहे. तुकड्यांना कीड-बुरशी लागली नाही ना ते बघायला मी परवा ते एकेक करून उजेडात काढले आणि उलटे केले. आतल्या, जोडल्यावर दिसत नाही अशा बाजूला पेन्सिलीने बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. छापखान्यातल्या माणसाचं सुबक अक्षर. आकडे, आणि पुढे जर्मनमध्ये दोन-दोन शब्द. मला जर्मन येत नाही. त्याच्या कपाटातला शब्दकोश आणून चष्मा लावून बसलो. एक, खाली डावीकडे. दोन, खाली उजवीकडे. तीन, खुंटी बाहेरून आत. म्हणजे तो एकटा इथे बसून पाठ करत होता. हॉलमध्ये सगळ्यांसमोर त्याला माझ्याकडे बघावं लागू नये म्हणून. मी केलेल्या कामाची त्याने घोकंपट्टी केली होती, आणि मी समजत होतो सवयीने आलं.

सात नंबर म्हणजे वरची कमान. तिच्यावर आकड्यापुढे लिहिलं आहे : शिव दुसरं टोक धरेल. मी ती उचलून पाहिली. लांब आहे, मधे धरली की दोन्हीकडे झुकते, आणि एका टोकाला धरली की दुसरं जमिनीला लागतं. दोन-तीनदा प्रयत्न केला, मग ती कुर्टच्या स्टुलावर एक टोक टेकवून ठेवली आणि दुसरं हातात धरून तसाच उभा राहिलो.